रूनलिपीतलं चौथं अक्षर कसं वाचायचं: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

रून म्हणजे इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या पूर्वज भाषा बोलणाऱ्या जर्मानिक लोकांची जुनी, कोरून लिहायची अक्षरं. ते शिकायला बसलेल्या माणसाच्या हाती सर्वांत आधी येतो तो चोवीस चिन्हांचा तक्ता. प्रत्येक चिन्हाखाली एक रोमन अक्षर. तक्ता लवकर पाठ होतो आणि आता आपल्याला रून येतात असं वाटू लागतं. मग एखाद्या खऱ्या शिळेचा फोटो उघडावा, तर चौथ्या चिन्हापाशी गाडी अडते. तक्ता म्हणतो 'आ'. शिळेचं प्रसिद्ध वाचन म्हणतं 'ओ'. इंग्लंडमधल्या वस्तूंवर जवळपास त्याच चिन्हाला 'ॲ' म्हटलेलं असतं. चुकलेलं कोणीच नसतं. अक्षर तेच, पण शतक आणि गाव वेगळं.

या अक्षराचं पुनर्रचित नाव 'अन्सुझ'. अर्थ देव, म्हणजे जर्मानिक लोकांच्या देवकुळातला एक. मी याच अक्षरावर सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि ते नीट कळलं की बाकीची लिपी निम्मी सुटते असं माझं मत झालंय. म्हणून हा लेख एकाच अक्षराचा.

काय काय लागेल

- चौकटीची वही आणि पेन्सिल. रून डोळ्यांनी शिकता येत नाहीत, हाताने काढावे लागतात.
- एक नव्हे, तीन तक्ते: जुना फुथार्क (२४ अक्षरं), व्हायकिंग काळातला धाकटा फुथार्क (१६ अक्षरं) आणि अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्लंडमधला, फुथॉर्क. 'फुथार्क' हे रूनमालेचं नाव तिच्या पहिल्या सहा अक्षरांवरून पडलं: फ, उ, थ, आ, र, क. तिन्ही वेगवेगळ्या पानांवर हवेत. इंटरनेटवर तिन्हींची खिचडी केलेले तक्ते भरपूर आहेत, ते टाळा.
- स्कँडिनेव्हियाचा आणि इंग्लंडचा साधा नकाशा.
- उप्साला विद्यापीठाचा 'समनॉर्डिस्क रूनटेक्स्टडाटाबास' हा माहितीसंच. फुकट आहे. त्यात प्रत्येक लेखाला संकेतक्रमांक असतो: डेन्मार्कच्या लेखांना 'डीआर', गॉटलंड बेटावरच्या लेखांना 'जी'. गुगलवर नावाने शोधण्यापेक्षा या क्रमांकाने शोधलं तर कचरा कमी येतो.
- रून दाखवणारा फॉन्ट. युनिकोडमध्ये रून १९९९ साली आले, त्यामुळे बहुतेक फोनवर आधीच असतो.

जुनी नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची भाषा, यायला हवी का? सुरुवातीला नको. रून कोरलेल्या दगडांची पिशवी तर मुळीच नको. तिच्याकडे नंतर येतो.

१. आधी आकार पक्का करा

एक उभा दांडा काढा. त्याच्या माथ्यापासून उजवीकडे खाली उतरणारी एक छोटी फांदी. तिच्या थोडं खाली, तिला समांतर, दुसरी तशीच फांदी. झालं अन्सुझ.

गोंधळ होतो तो शेजाऱ्यांशी. दोन्ही फांद्या उजवीकडे वर जात असतील तर तो पहिला रून, 'फ'. खाली उतरणारी एकच फांदी असेल तर तो 'ल'. झिजलेल्या दगडावर अन्सुझची खालची फांदी पुसली गेली की 'ल' दिसतो, आणि अभ्यासकही तिथे भांडतात. शंका आली की लगेच निर्णय करू नका. वहीत दोन्ही शक्यता लिहा, शब्द जुळला की एक आपोआप गळते.

आडव्या रेषा रूनमध्ये जवळजवळ नसतातच. लाकडाच्या रेषांवर आडवा काप घेतला तर तो तंतूंमध्ये हरवतो, म्हणून तिरके काप, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. मला ते पटतं, जरी हाती आलेल्या सर्वांत जुन्या वस्तूंत धातू, हाड आणि शिंगही आहेत.

२. वाचायची दिशा ठरवा

रून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कधी एका ओळीत असे तर दुसऱ्या ओळीत तसे कोरलेले सापडतात. ओळ उजवीकडून चालली असेल तर अक्षरंही आरशातल्यासारखी उलटतात, म्हणजे अन्सुझच्या फांद्या डावीकडे येतात. सोपा नियम: फांद्या ज्या बाजूला, त्या बाजूला वाचत जा.

नियमाला अपवाद आहेतच. गॉटलंडच्या किल्व्हर शिळेवर (क्रमांक जी ८८, १९०३ साली सापडली, काळ साधारण इ.स. ४००) सगळे चोवीस रून ओळीने कोरलेले आहेत आणि त्यात काही अक्षरं, आपलं चौथंही, उलट्या तोंडाची आहेत. म्हणून एकाच अक्षरावरून दिशा ठरवू नका, तीन-चार अक्षरांची साक्ष घ्या.

३. तारीख आणि गाव विचारल्याशिवाय ध्वनी लिहू नका

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी. नवखे लोक हीच गाळतात. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा:

- साधारण इ.स. १५० ते ६००, कुठेही सापडलेलं असो: 'आ'.
- स्कँडिनेव्हिया, साधारण ८०० ते १०००: अनुनासिक 'आँ'.
- स्कँडिनेव्हिया, अकराव्या शतकापासून हळूहळू: 'ओ'.
- अँग्लो-सॅक्सन इंग्लंड: मूळ आकार 'ॲ', आणि त्याला किंचित बदलून केलेली दोन भावंडं 'ओ' व 'आ'.

मधली दोन शतकं, ६०० ते ८००, स्कँडिनेव्हियात संक्रमणाची आहेत. त्या काळातला लेख सुरुवातीलाच हातात घेऊ नका, डोकं फिरेल.

४. अक्षराचं नाव समजून घ्या, ध्वनी त्याच्या मागे येतो

रूनच्या नावाचा पहिला ध्वनी हाच त्या रूनचा ध्वनी. चोवीसांपैकी 'झ' आणि 'ङ' या दोघांना हे लागू नाही, कारण ते ध्वनी जर्मानिक शब्दांच्या सुरुवातीला येतच नव्हते. बाकीच्यांचं गणित सरळ आहे: अन्सुझ म्हणून 'आ'.

पण नाव हा बोलीतला जिवंत शब्द असतो. बोली बदलली की शब्दाचा उच्चार बदलतो, आणि शब्दाबरोबर अक्षराचा ध्वनीही घसरतो. शाळेत मुलांना नावानिशी अक्षर शिकवत असतील तर दुसरं काय होणार?

अन्सुझमधला घोळ घातला तो 'स'च्या आधीच्या 'न'ने. इथे मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. संस्कृत 'हंस' आणि जर्मन 'गान्स' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. जर्मनमध्ये 'न' शाबूत राहिला. इंग्रजीत तो गेला, जाताना स्वर लांब आणि गोल करून गेला: जुन्या इंग्रजीत 'गोस', आजचं 'गूस'. नॉर्समध्येही 'न' गेला, पण तिथे 'गास' उरलं. आता 'हंस' हा शब्द स्वतः मोठ्याने म्हणा. आपण 'हन्स' म्हणत नाही, 'हंव्स' म्हणतो. 'संसार'चं 'संव्सार' होतं, तसंच. 'स'च्या आधी नाकातला आवाज येताना ओठ किंचित गोल होतात, हे आपल्या तोंडाला ठाऊक आहे. अन्सुझचं नेमकं हेच झालं. इंग्लंडमध्ये त्याचं 'ओस' झालं, उत्तरेत आधी अनुनासिक 'आँस' आणि मग 'आस' व 'ओस' अशी दोन्ही रूपं.

'न' कधी गेला याचा पुरावा वस्तूंवर आहे. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर क्रागेहूल इथे सापडलेल्या भाल्याच्या दांड्यावर 'आसुगिसालास' असं नाव कोरलेलं आहे. पहिला भाग हाच आपला देव, आणि त्यात 'न' कोरलेला नाही. याउलट गॉथ लोकांचा इतिहास ५५१च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिणारा जॉर्डानेस त्यांच्या देवतुल्य पूर्वजांना 'आन्सिस' म्हणतो. तिकडे 'न' अजून होता.

इथे एक सापळा खास आपल्याकडचा. 'अन्सुझ म्हणजे आपला असुर' असं वाक्य तुम्हाला कोणीतरी पाठवेलच. तसं नातं काही अभ्यासकांनी मांडलंय, काहींना ते मान्य नाही. वाद बाजूला ठेवा. शिळा वाचताना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

५. आकार कुठून आला, ते थोडक्यात

रोमन 'ए' डोळ्यांसमोर आणा. डावा पाय सरळ उभा करा, उजवा पाय आखडून फांदी करा, मधली आडवी रेघ तिरकी करून तिला समांतर सोडा. अन्सुझ मिळतो. म्हणूनच डॅनिश अभ्यासक लुडविग विमर यांनी १८७४मध्ये रूनचं मूळ लॅटिन लिपीत शोधलं. आयझॅक टेलर यांनी १८७९मध्ये ग्रीकचा पक्ष घेतला. कार्ल मार्स्ट्रांडर यांनी १९२८मध्ये आल्प्सच्या परिसरातल्या, एट्रस्कनशी नातं असलेल्या उत्तर इटालीय लिप्या पुढे केल्या. आज चर्चा मुख्यतः लॅटिन आणि उत्तर इटालीय या दोघांत चालते.

आपल्या अक्षरापुरता हा वाद फारसा मोठा नाही. तिन्ही लिप्यांचा 'ए' एकाच घराण्यातला आहे, आणि तिन्हीकडून अन्सुझपर्यंत यायला तेवढाच आडवळणाचा रस्ता लागतो. वेळ कमी असेल तर ही पायरी वाचून सोडून द्या.

६. जुन्या लेखांवर हात बसवा

सुरुवात विमोसेच्या कंगव्यापासून करा. फ्यून बेटावरच्या दलदलीत सापडलेला हा कंगवा साधारण इ.स. १६०चा आहे, कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि त्यावर फक्त पाच रून आहेत: ह, आ, र, य, आ. 'हार्या'. हे नाव आहे की दुसरं काही, यावर मतं वेगळी आहेत. आपल्याला त्यातले दोन अन्सुझ ओळखता आले की झालं.

या पाच अक्षरांत मराठी वाचकासाठी तीन खाचा आहेत.

पहिली: आपल्या 'क'मध्ये 'अ' दडलेला असतो, रूनमध्ये नसतो. स्वर हवा तर कोरावा लागतो. म्हणून 'हार्या' देवनागरीत दोन अक्षरं आणि रूनमध्ये पाच.

दुसरी: रोमन लिप्यंतरातला 'ए' दिसला की आपण 'अ' लिहून मोकळे होतो आणि 'हर्य' वाचतो. आपला 'अ' तोंड अर्धवट उघडून येतो. अन्सुझचा ध्वनी पूर्ण उघड्या तोंडाचा पण आखूड, म्हणजे लवकर संपवलेला 'आ'. लिहिताना 'आ' लिहा आणि मनात ऱ्हस्व म्हणा.

तिसरी: लिप्यंतरातला 'जे' हा 'य' आहे. 'हार्जा' नव्हे.

यानंतर गालेहूसचं शिंग घ्या (डीआर १२). दक्षिण युटलंडमध्ये १७३४ साली सापडलेलं हे सोन्याचं शिंग साधारण इ.स. ४००चं. १८०२ साली ते चोरीला गेलं आणि चोराने वितळवून टाकलं, तरी आधी काढलेल्या चित्रांमुळे लेख आपल्याकडे आहे: 'एक ह्लेवागास्तिझ होल्टियाझ होर्ना ताविदो'. मी ह्लेवागास्तिझ, होल्टी घराण्याचा, मी हे शिंग घडवलं. पुढे वाचण्याआधी अन्सुझ किती आले ते मोजा.

पाच. ह्लेवा, गा, या, ना, ता. 'होल्टियाझ' आणि 'होर्ना'मधला 'ओ' मात्र अन्सुझ नाही, तो चोवीसातला वेगळा रून, 'ओथाला'. जुन्या काळात 'आ' आणि 'ओ' यांची घरं वेगळी होती हे इथेच मनावर कोरून घ्या, पुढे लागणार आहे.

'गास्तिझ' म्हणजे पाहुणा, लॅटिनमध्ये त्याचा भाऊ 'होस्तिस'. लॅटिन 'ओक्तो' तर गॉथिक 'आहताउ', आणि संस्कृत 'अष्टौ'. या सगळ्यांच्या मूळ भाषेतला ऱ्हस्व 'ओ' जर्मानिक भाषांत 'आ'मध्ये मिसळला, आपल्या घराण्यात 'अ'मध्ये. अन्सुझ इतक्या वेळा भेटतो त्याचं एक कारण हे.

आणखी एक सवय लावून घ्या: जोडरून ओळखायची. कधी दोन रून एकाच दांड्यावर बसवतात. क्रागेहूलच्या भाल्यावर 'गा गा गा' असं तीनदा आलंय, आणि प्रत्येक वेळी अन्सुझच्या फांद्या 'ग'च्या फुलीच्या एका टोकाला लटकवल्या आहेत. स्वतंत्र अन्सुझ शोधत बसाल तर एकही सापडणार नाही.

७. स्कँडिनेव्हिया: 'आ'चं घर दुसऱ्याकडे जातं

सातव्या-आठव्या शतकाच्या आसपास उत्तरेत एक विचित्र गोष्ट घडली. बोलीत स्वर वाढत होते आणि लिपीतली अक्षरं मात्र चोवीसावरून सोळावर आली. ओथाला गेलाच. चौथं अक्षर टिकलं, पण त्याचं काम बदललं.

कारण पुन्हा नाव. जुन्या फुथार्कमधल्या 'य' रूनचं नाव होतं 'यारा', म्हणजे वर्ष, सुगी. इंग्रजी 'यिअर', जर्मन 'यार' हे त्याचेच नातलग. उत्तरेच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'य' गळला आणि 'यारा'चं 'आर' झालं. नावाचा पहिला ध्वनी 'आ', म्हणून तो रून 'आ' झाला. इकडे अन्सुझचं 'आँस' झालं होतं, म्हणून त्याच्याकडे नाकातला 'आँ' राहिला.

दक्षिण स्वीडनमधल्या स्टेन्टॉफ्टेन शिळेवर हा बदल डोळ्यांसमोर दिसतो. तिथे साधा 'आ' नव्या रूनने लिहिलाय, आणि 'य'चा जुना आकार एकदाच, एकटा, संपूर्ण शब्दाच्या जागी उभा आहे: हाथुवोलाफने चांगलं वर्ष दिलं. कोरणाऱ्याला जुनं नाव पुरतं ठाऊक होतं.

आता सरावाला र्‍योक शिळा घ्या. स्वीडनच्या ऑस्टरयोटलंडमध्ये, साधारण इ.स. ८००, सुमारे ७६० रून. घाबरू नका, पहिले पाच शब्दच हवेत: 'आफ्त उआमुथ स्ताँन्ता रुनार थार'. वामोथच्या स्मरणार्थ हे रून उभे आहेत. 'स्ताँन्ता' हा शब्द वहीत मोठा काढा. त्यात दोन 'आ' आहेत. 'न'च्या आधीचा पहिला नाकातून येतो, तो आपला चौथा रून. शेवटचा साधा, तो 'आर' रून. एका शब्दात दोघं शेजारी, आणि दगड कोरणाऱ्याने कान लावून फरक केलाय. इथला 'थ' मात्र आपला 'थ' नव्हे, इंग्रजी 'थिंक'मधला.

सापळे दोन. एक, धाकट्या फुथार्कमध्ये 'आर' आणि 'न' हे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत: दांड्याला छेदणारी एकच रेघ, एकाचा उतार इकडे, दुसऱ्याचा तिकडे. ओळ उजवीकडून वाचायची असेल तर दोघांची अदलाबदल होते. पायरी दोन गाळली असेल तर इथे फटका बसतो. दुसरा, 'लांब फांदी' आणि 'आखूड फांदी' अशा दोन लेखनपद्धती आहेत. र्‍योकवर आखूड फांदीची आहे. तुमचा तक्ता लांब फांदीचा असेल तर काहीच जुळणार नाही, म्हणून दोन्ही रकाने असलेला तक्ता घ्या.

मग येलिंगची मोठी शिळा (डीआर ४२). हाराल्ड ब्लूटूथ राजाने साधारण ९६५ साली उभारलेली. शेवटी तो म्हणतो की त्याने डेन लोकांना ख्रिस्ती केलं, आणि 'क्रिस्नाँ'सारखा वाचला जाणारा, 'त'सकट कोरलेला शेवटचा शब्द आपल्या चौथ्या रूनने संपतो. या प्रत्ययात पूर्वी 'न' होता. तो गेला, नाकातला सूर मागे राहिला. मराठीत 'घरें', 'केलें' यांवरचे अनुस्वार असेच, एकेकाळी उच्चारले जाणारे. १९६२च्या मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. व्हायकिंगांकडे महामंडळ नव्हतं. नाकातला सूर बोलीतून ओसरत गेला तसा हा रून रिकामा पडत गेला, आणि नाव 'ओस' झालंच होतं, म्हणून त्याला 'ओ'चं काम मिळालं. दोन्ही गोष्टी सगळीकडे एका दिवशी झालेल्या नाहीत. अकराव्या शतकातल्या शिळेवर 'आँ' की 'ओ' हे प्रत्येक शब्दात तपासा.

त्याच येलिंग शिळेवर राजाला 'कुनुक्र' म्हटलंय. वाचायचं 'कोनुंग्र'. 'ग'च्या आधीचा 'न' कोरलेलाच नाही, आणि 'ओ'साठी अजून वेगळं अक्षर नसल्याने 'उ'ने भागवलंय. स्पर्श व्यंजनाआधीचं अनुनासिक गाळायची ही सवय रूनमध्ये जुनी आहे. तुमचं वाचन 'न'शिवाय अडलं तर तो मनातून घालून बघा, बऱ्याचदा शब्द सुटतो.

शेवटी नावाने आणखी एक उडी मारली. नॉर्वेजियन रून-कवितेत 'ओस' म्हणजे नदीचं मुख, बहुतेक प्रवासांची वाट. आइसलँडिक कवितेत तोच 'ओस' म्हणजे ओडिन देव. कविता खूप उशिराच्या आहेत. त्यांच्यावरून पाचव्या शतकातल्या शिंगाचा अर्थ लावू नका.

८. इंग्लंड: एकाचे तीन

उत्तरेत अक्षरं घटली, इंग्लंडमध्ये वाढली. तिथे जुना 'आ' बहुतेक शब्दांत 'ॲ' झाला, काही ठिकाणी 'आ'च राहिला, आणि 'अन्स'सारख्या जागी 'ओ' झाला. शिवाय 'ओथाला'चं नाव तिथे 'एथेल' झालं, म्हणजे 'ओ'चं घर रिकामं पडलं. उपाय त्यांनी व्यवहारी शोधला:

- मूळ आकार तसाच ठेवून ध्वनी 'ॲ', नवं नाव 'ॲश', म्हणजे ॲश वृक्ष. जागा सव्विसावी.
- दोन्ही फांद्यांच्या टोकांना वर वळलेला आकडा जोडून 'ओ', नाव 'ओस'. जागा जुनीच, चौथी. म्हणूनच 'फुथार्क'चं 'फुथॉर्क' झालं.
- फक्त वरच्या फांदीला आकडा जोडून 'आ', नाव 'आक', म्हणजे ओक वृक्ष. जागा पंचविसावी.

इंग्रजी शब्दांसाठी आपणही 'ॲ' आणि 'ऑ' अशीच जुन्या चिन्हांवर चंद्र ठेवून केली, त्यामुळे हे पचायला जड जाऊ नये. संपूर्ण क्रम बघायचा असेल तर थेम्स नदीत १८५७ साली सापडलेला लोखंडी सुरा बघा. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पात्यावर २८ रून ओळीने जडवलेले आहेत.

सरावासाठी त्याच संग्रहालयातली फ्रँक्स पेटी, व्हेलच्या हाडाची, आठव्या शतकातली. समोरच्या बाजूच्या डाव्या काठावर शब्द आहे 'ह्रोनॅसबान', म्हणजे व्हेलचं हाड. 'ह्रो'मध्ये ओस, 'नॅ'मध्ये ॲश, 'बा'मध्ये आक. तिन्ही भावंडं एका शब्दात. तिघांमधला फरक पक्का करायला याच्याइतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. फोटो मोठा करा आणि फक्त फांद्यांची टोकं बघा. त्याच बाजूची खालची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट्या रूननी चालते. तिला या शब्दानंतरच हात लावा.

पेटीच्या उजव्या बाजूपासून मात्र लांब राहा. तिचा मूळ तुकडा फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे, आणि त्यावर स्वरांसाठी नेहमीचे रून न वापरता मुद्दाम वेगळी चिन्हं योजली आहेत. कोणत्याही तक्त्यात ती सापडणार नाहीत.

इंग्रजी रून-कवितेबद्दलही एक सावधगिरी. तिची एकमेव हस्तलिखित प्रत १७३१च्या आगीत जळाली. आज आपण वाचतो ती जॉर्ज हिक्स यांनी १७०५मध्ये छापलेली. तिथे ओस हा सगळ्या वाणीचा उगम आहे. देव की लॅटिनमधलं 'ओस', म्हणजे तोंड, यावर अजून एकमत नाही.

९. जादूच्या दुकानातून बाहेर पडा

'अन्सुझ' शोधलंत की पहिल्या पानावर भविष्य, ताईत आणि टॅटू येतील. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उगम विसाव्या शतकातला आहे. अठरा रूनांची जी मालिका दिसते ती ऑस्ट्रियाच्या गीडो फॉन लिस्ट यांनी त्या शतकाच्या सुरुवातीला रचलेली, ती कुठल्याही प्राचीन वस्तूवर नाही. पुढे नाझींनी काही रून आपल्या चिन्हांत घेतले. त्यामुळे युरोपात राहणाऱ्यांनी गळ्यात किंवा दंडावर रून मिरवण्याआधी तो कोणता हे नीट तपासावं. 'कोरा रून' म्हणून विकला जाणारा दगड तर निव्वळ आधुनिक.

प्राचीन काळी जादू नव्हतीच असंही म्हणू नका. स्वीडनच्या स्कोनमध्ये सापडलेल्या लिंडहोल्मच्या हाडावर (डीआर २६१) एक समजेल असं वाक्य आहे आणि त्यानंतर आठ अन्सुझ सलग, मग तीन 'झ', मग 'न'ची रांग, आणि शेवटी 'आलू' हा इतर वस्तूंवरही भेटणारा शब्द. आठ वेळा देवांना हाक, असा अर्थ काहींनी लावलाय. शक्य आहे. वहीत मात्र 'आ आ आ आ आ आ आ आ' एवढंच लिहा, आणि अर्थाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

१०. नोंद कशी ठेवायची

प्रत्येक वस्तूसाठी एक पान. वरपासून खाली याच क्रमाने:

- संकेतक्रमांक, ठिकाण, अंदाजे काळ.
- कोणता तक्ता वापरला, आणि धाकटा असेल तर लांब फांदी की आखूड.
- दिशा, बाण काढून.
- रून जसे दिसतात तसे, हाताने. पुसट अक्षराखाली टिंब.
- लिप्यंतर. चौथा रून प्रत्येक वेळी अधोरेखित करा आणि त्याच्या वर 'आ', 'आँ', 'ओ' किंवा 'ॲ' यांपैकी एक लिहा.
- बोलीतला शब्द, गाळलेले 'न' भरून.
- सर्वांत शेवटी अर्थ.

संगणकावर टाइप करत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. युनिकोडमध्ये अन्सुझ, ओस, आक, ॲश, लांब फांदीचा ओस आणि आखूड फांदीचा ओस ही सगळी वेगवेगळी चिन्हं आहेत. काही फॉन्टमध्ये ती इतकी सारखी दिसतात की चुकीचं निवडलेलं कळत नाही, आणि नंतर शोध घेताना तुमचीच नोंद तुम्हाला सापडत नाही. पानाच्या पहिल्या ओळीत काळ आणि गाव लिहिलेलं असेल तर ही चूक दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागतो.